कमी आवाजात हाय-गेन टोन: या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटारच्या अँपचा आवाज कमी केला की टोन पातळ होतो, मग गेन, म्हणजे सिग्नल किती फाटेल (डिस्टॉर्शन) ते ठरवणारा नॉब, वाढवायचा. नवखे हमखास हेच करतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

पातळपणा बराचसा कानाचा असतो. आवाज उतरला की कानाला मिडच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) मानाने बेस फार कमी ऐकू येतो, ट्रेबलही थोडा कमी. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. गेन वाढवून तो बेस परत येत नाही. उलट सिग्नल आणखी दाबला जातो, पिकचा ठोका बुजतो आणि खरखर वर येते. गेन 3 वर ठेवा, जाड ई तारेवर पाम म्यूट (तळहाताची कड तारेवर टेकवून) वाजवत सावकाश वाढवा. ठोके एकमेकांत मिसळू लागले की अर्धा आकडा मागे या आणि तिथेच थांबा.

बेस हवाच असेल तर तो डिस्टॉर्शनच्या नंतर घाला. त्याआधी गिटार आणि अँपच्या मध्ये ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. ते गेनच्या आधीच बेस छाटतं, म्हणून रिफ घट्ट राहते. मग इफेक्ट लूपमध्ये (अँपच्या प्रीअँप या पहिल्या टप्प्यानंतरची, पेडल जोडायची जागा) ईक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी वरखाली करणारं पेडल) ठेवून 100 हर्ट्झला 3 डेसिबल द्या. ईक्यू ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात लावा.

मिड शून्यावर नेऊ नका. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं पेडल) म्हणजे जास्त गेनवरचा इलाज नव्हे.

मास्टर (अँपचा एकूण आवाज ठरवणारा नॉब) जेमतेम उघडलेला असताना नॉब केसभर हलला तरी आवाज उडी मारतो. लूपमध्ये साधा व्हॉल्यूम बॉक्स टाका, मास्टर 3 वर ठेवा आणि आवाज बॉक्सवरून सांभाळा. लूप पॅरलल (मूळ सिग्नलही सोबत पुढे नेणारा) असेल तर मिक्स 100 टक्के हवा, नाहीतर मूळ सिग्नल बाजूने निघून जातो आणि बॉक्स फिरवूनही आवाज पुरता उतरत नाही.

आता अटेन्युएटर, म्हणजे अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून पॉवर शोषणारा डबा. 100 वॉटचे 50 केले तर फक्त 3 डेसिबल उतरतात. आवाज निम्मा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट कमी पॉवर लागते. म्हणून लोक अटेन्युएटर घेतात आणि घाईत हाताला लागेल ती केबल जोडतात. ट्यूब अँप मरण्याची ही ठरलेली रीत आहे. 8 ओहमवर 100 वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर. गिटार केबलची बारीक तार तापते, एक दिवस आत तुटते, अँप लोडविना (स्पीकर न जोडलेला) राहतो, ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तिथे स्पीकर केबलच हवी, निदान दीड चौरस मिलिमीटरची; अँप, अटेन्युएटर आणि कॅबिनेटचे ओहम जुळलेले हवेत. अँप चालू असताना केबल काढायची नाही. आधुनिक हाय-गेन अँपचं डिस्टॉर्शन मुख्यतः प्रीअँपमध्येच तयार होतं, त्यामुळे चांगला मास्टर असलेल्या अँपला बहुतेकदा अटेन्युएटर लागतच नाही. मास्टर नसलेल्या जुन्या अँपला मात्र तो हवाच.

कॅबिनेट जमिनीवर असेल तर ट्रेबल गुडघ्यांपाशीच जातो, वर कानाला टोन बोथट वाटतो आणि हात प्रेझेन्सकडे (ट्रेबलची धार वाढवणारा नॉब) वळतो. आधी कॅबिनेट स्टुलावर चढवा, स्पीकर कानाच्या रेषेत आणा, मग नॉबना हात लावा.