हॉटस्पॉटवर उबुंटूत सॉफ्टवेअर टाकताना आणि काढताना

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या अभ्यासिकेत जुने कॉम्प्युटर आहेत, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम. नेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. त्यामुळे सॉफ्टवेअर मी टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतूनच टाकते, कारण किती एमबी जाणार हे तिथं आधी कळतं. कमांड इथं देवनागरीत देतेय, तुम्ही टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

सुरुवात ‘सुडो एपीटी अपडेट’ने करा. यानं काही इन्स्टॉल होत नाही, फक्त पॅकेजांची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची यादी ताजी होते. यादी शिळी असली तर सर्व्हरवरून हटलेली फाइल मागितली जाते आणि ४०४ चा एरर येतो. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर बहुधा काहीच उमटत नाही. पोरं लगेच म्हणतात, “ताई, कीबोर्ड बंद पडला.” नाही पडला, पासवर्ड पुरा करून एंटर दाबा.

लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस हे शैक्षणिक खेळांचं सॉफ्टवेअर हवं तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीकॉम्प्रिस-क्यूटी’. ‘एपीटी शो’ने दिसणारा आकार एकट्या त्या पॅकेजचा असतो. चित्रं आणि आवाज वेगळ्या पॅकेजमध्ये येतात, म्हणून खरा आकडा इन्स्टॉलची कमांड दिल्यावरच दिसतो. सोबत येणाऱ्या पॅकेजांची नावं, एकूण डाउनलोड आणि मग ‘वाय’ (हो) की ‘एन’ (नाही) असा प्रश्न. इथं थांबा आणि वाचा. आकडा झेपत नसेल तर ‘एन’ दाबा आणि कमांडच्या शेवटी ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ जोडून पाहा, त्यानं सोबतची ऐच्छिक पॅकेजं गळतात आणि ओझं कमी होऊ शकतं.

डाउनलोड होताना रेंज गेली तर घाबरू नका. तीच कमांड पुन्हा द्या, उतरलेलं वाया जात नाही. इन्स्टॉल चालू असताना लाइन गेली तर मात्र पॅकेज अर्धवट राहतं. लाइन आल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, आणि तरी तक्रार राहिली तर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. ‘लॉक’चा मेसेज आला तर लॉकची फाइल डिलीट करू नका. बहुतेकदा मागं आपोआप अपडेट चालू असतं, ते संपू द्या.

एकच पॅकेज सगळ्या मशीनवर हवं असेल तर एका मशीनवर आधी ‘सुडो एपीटी क्लीन’, मग ‘एपीटी’ऐवजी ‘एपीटी-गेट’ने इन्स्टॉल करा. ‘एपीटी’ काम झालं की उतरवलेल्या डेब फाइली (पॅकेज ज्यात येतं त्या फाइली) पुसून टाकतं, ‘एपीटी-गेट’ त्या /व्हार/कॅशे/एपीटी/आर्काइव्ह्ज मध्ये ठेवतं. त्या पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या मशीनवर उबुंटूची तीच आवृत्ती असेल तर त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./*.डेब’.

काढायला ‘सुडो एपीटी रिमूव्ह’ आणि पुढं पॅकेजचं नाव. सिस्टिमच्या पातळीवरच्या सेटिंगच्या फाइली त्यानंतरही राहतात, त्याही नको असतील तर ‘रिमूव्ह’च्या जागी ‘पर्ज’. काढताना यादी जास्तच बारकाईनं वाचा. पायथन३ (एक प्रोग्रॅमिंग भाषा) नको म्हणून काढायला गेलात तर त्याच्यावर चालणारं डेस्कटॉपही यादीत येतं. तुम्ही न मागितलेली ओळखीची नावं दिसली की ‘एन’. शेवटी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’, कोणालाच न लागणारी पॅकेजं निघतात. आपल्या माघारी कोणी काय टाकलं-काढलं हे पाहायचं तर /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग उघडा, तारीख-वेळेसकट लिहिलेलं असतं.