सायकलवरून पक्षी बघताय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रेनिंग राईड आणि पक्षी बघणं एकाच दमात उरकायचा प्रयत्न. ॲव्हरेज स्पीड सांभाळायचा असेल तर त्या दिवशी दुर्बीण घरीच ठेवा आणि पक्षी बघायचे असतील तर स्ट्राव्हा (राईडचा स्पीड-अंतर नोंदवणारं ॲप) बंद करा, कारण ताशी २५ ला कानात नुसता वारा भरतो. सायकलवर पक्षी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात, १२-१३ च्या स्पीडला तांबटाचं टुक टुक, सातभाईंचा कलकलाट, पावसाळ्याच्या तोंडावर पावशाचं पेर्ते व्हा हे सगळं नीट कानावर येतं आणि मान कुठे वळवायची ते कळतं. त्यामुळे इअरफोन नकोत, एका कानातही नकोत, मागून येणारा ट्रक ऐकू यायला हवा हे तर आहेच.

दुसरी चूक जवळजवळ सगळेच करतात. तारेवर वेडा राघू दिसला की करकचून ब्रेक, नेमकं त्याच्यासमोर थांबायचं, आणि तो भुर्रकन उडाला की म्हणायचं इथले पक्षी फार लाजरे आहेत. चालत्या सायकलची पक्ष्यांना विशेष भीती नसते, त्यांना खटकतं ते अचानक थांबलेलं माणूस. म्हणून त्याच स्पीडने पुढे जा, २०-३० मीटरवर रस्ता सोडून कडेला उतरा, मग सावकाश मागे वळून बघा. आणि उडालाच तरी लगेच निघू नका! वेडा राघू, कोतवाल, खाटीक हे किडा पकडून पुष्कळदा परत त्याच जागी येऊन बसतात, दोन मिनिटं गप्प उभं राहिलं की किडा तारेवर आपटताना सुद्धा बघायला मिळतो.

दुर्बीण बॅगेत ठेवू नका, चेन उघडेपर्यंत पक्षी गेलेला असतो. गळ्यात नुसत्या पट्ट्याने लटकवली तर हँडलवर आपटत राहते, दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस घ्या म्हणजे ती छातीशी बसते. ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरेशी आहे, चढ चढून आल्यावर हात थरथरत असतात आणि १०x मध्ये ती थरथर जास्त जाणवते. सायकल दोन पायांत धरून दोन्ही कोपरं हँडलवर टेकवली की चित्र एकदम स्थिर होतं. काचेवर वाफ धरते ती घामेजल्या चेहऱ्याची, घामाच्या रुमालाने पुसू नका, दुर्बीण डोळ्यांपासून जरा लांब धरा, आपोआप जाते.

पक्षी नुसते काळे दिसतायत? सूर्य समोर आहे. पुण्याहून सोलापूर रोडने नदीकाठच्या कवडीपाटला जाताना सकाळी तोंड पूर्वेकडे असतं, त्यामुळे जाताना वाटेत फार वेळ घालवू नका, सरळ नदीवर जा आणि चक्रवाक, शेकाटे बघून घ्या, वाटेतले पक्षी परतताना बघा, तेव्हा ऊन पाठीवर असतं आणि नीलपंख असला तर त्याचा निळा रंग खरोखर निळा दिसतो.

ब्रेक किंचाळत असेल तर निघायच्या आधीच रिम आणि पॅड साफ करा. काही सायकलींचा फ्रीहब (मागच्या चाकाचा मधला भाग) पॅडल थांबवलं की जोरात टरटरतो, अशा वेळी जवळ जाताना हलकं पॅडल मारत राहायचं.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सासवड, सुपे, बारामती बाजूची माळरानं एमटीबीला (माउंटन बाइकला) मोकळी वाटतात, पण मार्चपासून पावसाळ्यापर्यंत तिथे टिटव्या, चंडोल, धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीची अंडी, साधारण चार, खड्यांच्यात ठेवलेली, रंग इतका मातीसारखा की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, टायरखाली तर कळणारही नाहीत. त्यामुळे बैलगाडीची चाकोरी सोडू नका. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर आल्या वाटेने परत फिरा, फोटोसाठी पाच मिनिटं सुद्धा थांबू नका, कारण तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही विणीच्या काळात नकोच नको, तो बिचारा घरटं सोडून आपल्या हद्दीत कोण घुसलं ते बघायला येतो. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप ऐकण्यापुरतं वापरा, तेही थांबून, चालत्या सायकलवर त्याला वाराच ऐकू येतो, आणि त्याने नाव दाखवलं म्हणून पक्षी न बघता ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) टाकू नका.

माळावर बाभळीचे काटे असतात, ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारा द्रव) भरून घ्या, एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर हवाच. पंक्चर काढायला सावलीत बसाल तेव्हा दुर्बीण गळ्यातच राहू द्या.