कोल्हापुरात कॉलेज, फुटबॉल आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) एकत्र करायचं असेल तर

कोल्हापुरात पोरगं फुटबॉल खेळतंय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या तालमीचा रे तू?" तालीम म्हणजे इथं पेठेचा फुटबॉल संघ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, यातलं एक नाव सांगितलं की ओळख पूर्ण. कॉलेज कुठलं, हे कुणी विचारत नाही. बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं, कारण इथं दोन फुटबॉल आहेत, एक कॉलेजचा आणि एक पेठांतल्या तालमींचा, आणि दोन्हींचं वेळापत्रक वेगळं आहे.

कॉलेजचे झोनल सामने पहिल्या सत्रात, बहुतेक चिखलातच. त्यातून निवड होत होत शिवाजी विद्यापीठाचा संघ ठरतो. कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांची पोरं त्यासाठी झगडतात, आणि तो संघ पुढं पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. पेठांचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि शाहू स्टेडियमवर उन्हाळ्यापर्यंत चालतो. लीग संपली की नॉकआउट स्पर्धा, आणि त्या नेमक्या दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेवर येऊन आदळतात. स्टेडियम खच्चून भरलेलं, पेठ सगळी रस्त्यावर आणि आपलं फिजिकल केमिस्ट्री अर्धं राहिलेलं! तालमीच्या मॅनेजरला परीक्षेच्या तारखा डिसेंबरातच लेखी द्या. मार्चमध्ये सांगितलंत तर ते "दगा दिला" असंच धरतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं.

मी बी.एस्सी.ला होतो. थिअरीच्या नोट्स मित्राकडून मिळतात, प्रॅक्टिकल मिळत नाही. म्हणून सामन्याला जायच्या आधी जिमखान्याच्या (खेळाच्या) सरांचं पत्र विभागप्रमुखांच्या टेबलावर पोचलं पाहिजे आणि बुडणारं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करायची परवानगी त्याच वेळी मागून घ्यायची. परत आल्यावर पत्र दिलं की ते सबब वाटतं. ७५ टक्के हजेरीच्या हिशोबात हा फरक फार मोठा ठरतो. जर्नल मात्र आठवड्याच्या आठवड्याला तपासून घ्या. सकाळच्या सरावानंतर, लेक्चरच्या आधी लायब्ररीत तासभर बसायचं हे मी पाळलं. संध्याकाळी सरावानंतर अभ्यास करू म्हणणारे भाऊ जेवण झालं की झोपतात.

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर. आकडा मोठा वाटतो, पण बरंचसं काम रविवारी होतं. शिबिराची तारीख विद्यापीठाच्या सराव शिबिरावर येत नाही ना, एवढं कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारा. खेळाडू म्हणून मला तिथं सगळ्यात जमलेलं काम म्हणजे दत्तक गावातल्या शाळेत पोरींना फुटबॉल शिकवणं. श्रमदानात खड्डे कुणीही खणतं, हे सगळ्यांना येत नाही. जे येतं तेच काम मागून घ्या.

तसं समाजकार्य इथल्या तालमींना नवं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा नदीचा पूर शहरात शिरला, तेव्हा एरवी मैदानावर एकमेकांच्या पायावर पाय देणारी पोरं एकाच गाडीतून पाण्याचे कॅन उतरवत होती.

आता कागदांचं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलंच) आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धांची ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. पेठेच्या स्पर्धेतली 'मॅन ऑफ द मॅच'ची ट्रॉफी घरात शोभते, अर्जाला चालत नाही. त्यामुळं विद्यापीठाचं निवडपत्र, स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि एनएसएसचं प्रमाणपत्र एकाच फायलीत ठेवा, आणि नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळतंय का ते प्रमाणपत्र हातात पडल्या क्षणी, तिथंच उभं राहून बघा.


आणि हो, एनएसएसच्या रक्तदान शिबिरात रक्त जरूर द्या, फक्त दुसऱ्या दिवशी सामना नाही ना ते बघून.