बे एरियात घर शोधताना: भाडं नंतर, आधी ऑफिसचा रस्ता

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या बे एरियात आलेली नवीन मंडळी डोंगरापलीकडच्या ट्रेसी किंवा माउंटन हाउस या गावांतली ऐसपैस घरं बघून हरखतात. ऑफिस खाडीकाठच्या सनीवेलला असेल, तर ट्रेसीहून एका बाजूचं अंतर ९० किलोमीटरच्या आसपास पडतं आणि वाटेत ५८० क्रमांकाच्या महामार्गावरचा आल्टमाँटचा घाट.

हे अंतर जमिनीच्या नियमांनी वाढवलंय. सॅन होजेत राहण्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी ९० टक्क्यांहून जास्त जमिनीवर वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच घर, असा नियम होता. २०२२ पासून राज्याच्या कायद्यानं प्लॉटचे दोन भाग करता येतात, पण वस्ती एवढ्यात दाट होत नाही. त्यात १९७८ मध्ये राज्याच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या प्रस्तावानं मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या साधारण १ टक्क्याला बांधला. त्या मूल्यात वाढ वर्षाला फार तर २ टक्के. मग पालिकांना घरांपेक्षा ऑफिसं आणि दुकानं परवडतात. नोकऱ्या खाडीकाठी आल्या, माणसं डोंगरापलीकडे गेली. कल्याणला स्टेशनला खेटून वस्ती आहे म्हणून लोकल भरते. इथे बऱ्याच स्टेशनांना खेटून पार्किंग आहे.

म्हणून शोध ऑफिसपासून उलटा सुरू करा. गूगल मॅप्सवर मंगळवार निवडून सकाळी ९ ला पोहोचायचं असं टाका आणि दाखवलेल्या वेळेतला मोठा आकडा धरा. मग संध्याकाळी साडेपाचची परतीची वेळ बघा. रविवारी घर बघायला जाताना लागलेला वेळ हिशेबात धरूच नका.

खाडीच्या पूर्वेकडच्या फ्रीमाँटहून सनीवेलला ८८० आणि २३७ हे महामार्ग. पूल लागत नाही, पण २३७ तुंबतो. पालो आल्टोला जायला खाडीवरचा डंबार्टन पूल, टोल फक्त पश्चिमेकडे जाताना. बार्ट या मेट्रोसारख्या रेल्वेनं मिल्पिटास आणि पुढे लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी गाडी, हा मार्ग नकाशावर झकास दिसतो, प्रत्यक्षात लाइट रेल रेंगाळते.

ऑफिस कॅलट्रेनच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे धावणाऱ्या लोकलच्या, स्टेशनाजवळ असेल, तर त्याच मार्गावर छोटं अपार्टमेंट घ्या, भाडं जास्त असलं तरी. सप्टेंबर २०२४ पासून तिथे विजेच्या गाड्या आहेत, दुपारी आणि शनिवार-रविवारीही अर्ध्या तासाला एक, सायकलींना वेगळा डबा. मात्र दोन्ही टोकांची चाल मोजा. २० मिनिटांपुढे गेली की माणूस कार काढतोच.

ट्रेसीहून एस (ACE) ही आल्टमाँटमार्गे जाणारी रेल्वे आहे, पण सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला, मोजक्याच फेऱ्या. मूल आजारी पडलं म्हणून शाळेतून दुपारी फोन आला, तर परतायला गाडी नाही. दोघांपैकी एक जण घराजवळ काम करत असेल, तरच या रेल्वेच्या भरवशावर तिकडे राहायला जा.