मेणवलीला हिवाळ्यात गाडीने जाताना

साताऱ्याहून वाईला पाचवड फाट्यावरून वळा. वाईपासून मेणवली जेमतेम 3 किलोमीटर. पहाटे निघू नका. डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी धुकं दाटतं, आणि त्यात हेडलाइट अप्परवर ठेवला की उजेड धुक्यावर आपटून उलट डोळ्यांवर येतो. डिपरच ठेवा. काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसू नका, लगेच पुन्हा धरते. एसी चालू, तापमान गरम, हवा काचेकडे आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवत ठेवणारं बटण) बंद, म्हणजे आतली दमट हवा कोरडी होते. काच बाहेरून धरली असेल तर मात्र वायपर.

खरा धोका उसाचा. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, उसाचे शेंडे मागे लोंबतात आणि त्याखाली टेल लॅम्प असला तरी झाकला जातो. अंतर राखा. ओव्हरटेक करताना दुसरी ट्रॉलीही मोजा, लांबीचा अंदाज इथेच चुकतो. अंधार पडायच्या आत परत फिरलेलं बरं.

गावात गल्ली अरुंद. गाडी अलीकडे मोकळ्या जागी लावून नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर चालत उतरा. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळाजवळची मोठी घंटा पोर्तुगीज आहे, 1739 च्या वसई मोहिमेतली. बघा, बडवू नका.