जुना गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय? आधी तो नक्की कुठे अडतोय ते शोधा

लॉकडाऊनच्या काळात खूप जणांनी घरी गेमिंग पीसी जुळवले, साधारण रायझन ५ ३६०० नाहीतर आय३ १०१००एफ प्रोसेसर, बी४५० किंवा एच४१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १६५० किंवा फारफार तर १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) साधा मॉनिटर. ते पीसी आता पाच-सहा वर्षांचे झालेत, नवीन गेम जड जातायत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ का? कार्ड हे उत्तर असेलही, पण मोजल्याशिवाय घेऊ नका. कारण तोच पीसी एका गेममधे कार्डमुळे अडतो, दुसऱ्यात प्रोसेसरमुळे, तिसऱ्यात रॅम कमी पडते म्हणून, आणि दुकानदाराला यातलं काहीच माहिती नसतं, त्याच्याकडे जे पडून आहे ते तो सुचवणार.

पहिलं काम म्हणजे तक्रार नीट ओळखा. 'गेम स्लो आहे' यात चार वेगळ्या गोष्टी असतात. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं दिसतात तो आकडा) सारखाच कमी आहे, की एफपीएस बरा आहे पण मधेमधे झटके बसतात, की लोडिंगलाच खूप वेळ लागतो, की गेम सुरूच होत नाही? शेवटचा प्रकार हल्ली वाढलाय. २०२४ मधे आलेला इंडियाना जोन्सचा गेम आणि २०२५ चा डूम द डार्क एजेस यांना हार्डवेअर रे ट्रेसिंगवालं (प्रकाश-सावलीचं गणित करणारा वेगळा भाग असलेलं) कार्ड लागतंच, त्यामुळे १६६० सुपरवर सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग नाही. तसंच १०५० टीआय, १०६० वाल्यांनी लक्षात घ्या की एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर १० सिरीजसाठी नवीन गेमचे ड्रायव्हर देणं बंद केलंय, आता फक्त सिक्युरिटी अपडेट येतात. असं असेल तर मोजायची गरजच नाही, कार्ड बदलावं लागेल.

बाकी सगळ्यांनी एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, गेम चालू असताना आकडे स्क्रीनवर दाखवणारे हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतात. स्क्रीनवर दाखवायला या गोष्टी निवडा: जीपीयू (कार्डची चिप) वापर, व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी), जीपीयूचं टेंपरेचर, सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एकावेळी चालणाऱ्या कामाच्या प्रत्येक रांगेचा, वेगळा वापर, रॅम, एफपीएस आणि १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा एफपीएस). गेममधे व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करा, एफपीएस लिमिट काढा, नाहीतर आकडे फसवतात. मग तुम्ही जो गेम खरंच रोज खेळता तो लावा, त्यातली जड जागा निवडा, गर्दीचं शहर किंवा मोठी फाइट, आणि दहा-पंधरा मिनिटं खेळून आकडे लिहून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. मेनू स्क्रीनवरचे किंवा मोकळ्या मैदानातले आकडे धरू नका.

आता वाचायचं कसं. जीपीयू ९५-९९ टक्के सतत दिसतोय तर कार्डच अडतंय. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरी एफपीएस हवा तेवढा नाही, तर बहुतेक प्रोसेसर पुरा पडत नाहीये. इथे बरेच जण चुकतात, टास्क मॅनेजरमधे सीपीयू ४० टक्के दिसतो म्हणून म्हणतात प्रोसेसर तर मोकळाच आहे. अहो गेमचा मुख्य भार एक-दोन थ्रेडवर असतो, ते पूर्ण भरलेले असतात आणि बाकीचे बरेचसे मोकळे, मग सरासरी ४० च येणार. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस चांगला वाढला तर कार्ड अडत होतं, जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसर. व्हॅलोरंट आणि सीएस२ वाले बरेचदा प्रोसेसरच्या बाजूला निघतात, सायबरपंकसारखे गेम खेळणारे कार्डच्या बाजूला.

झटक्यांसाठी सरासरी एफपीएस बघू नका, १ टक्का लो बघा. सरासरी ९० आणि १ टक्का लो २५ असेल तर डोळ्याला तो गेम ९० चा वाटतच नाही. ६० एफपीएसला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदात यावी लागते, मधेच एखादी ४० घेते तेव्हा तो झटका बसतो. कारणं तीन असू शकतात. रॅम भरली असेल, ८ जीबीत विंडोज, क्रोम, डिस्कॉर्ड आणि गेम मावतच नाहीत. व्हीरॅम भरली असेल, मग टेक्स्चर एक पायरी खाली आणून बघा, झटके गेले तर कारण सापडलं. नाहीतर गेम हार्ड डिस्कवर असेल.

खर्चाआधी फुकटातली कामं उरका, आणि ही मी अगदी आग्रहाने सांगतोय कारण कित्येक पीसीत ही झालेलीच नसतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावली आहे ना, मदरबोर्डला नाही? १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे १४४ निवडलंय का, कारण बरेचदा ते ६० वरच राहतं. बायॉसमधे (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचा पर्याय, चालू आहे का, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत असते. रॅमच्या दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावा. आणि धूळ! आपल्याकडे रस्त्याकडेच्या घरात सहा महिन्यात फिल्टर बुजतो. पीसी बंद करून, वायर काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा, पाच वर्षांचा पीसी असेल तर प्रोसेसरची थर्मल पेस्टही बदला. विदर्भात एप्रिल-मेमधे खोलीच ३८-४० वर असते, तिथे कार्ड ८३-८५ पर्यंत जाऊन स्वतःच क्लॉक खाली आणतं, मग जानेवारीत नीट चालणारा गेम मेमधे अडखळतो आणि माणूस नवीन कार्ड शोधायला लागतो, खरंतर साइड पॅनल उघडून आणि पुढे एक पंखा लावून काम झालं असतं. गेममधे एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून मोठं करायची सोय) असेल तर क्वालिटीवर लावून बघा, ते जीटीएक्सवरही चालतं. एनव्हिडियाच्या तशाच डीएलएसएसला मात्र आरटीएक्स लागतं.

एवढं करून उरलं त्यावर खर्च करू. ८ जीबीची एक स्टिक असलेल्यांनी सगळ्यात आधी १६ जीबी करा, दोन स्टिक म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही एकाच वेळी डेटा देतात), रायझनमधे याचा फरक १ टक्का लो मधे ठळक दिसतो. शक्यतो जुन्या स्टिकचंच मॉडेल मिळवा, वेगळी घेतली तर दोन्ही मिळून हळू स्टिकच्या स्पीडवर चालतील आणि क्वचित पीसी सुरूच व्हायला कुरकुर करेल, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. आय३ १०१००एफ आणि एच४१० वाल्यांनी ३६०० ची महाग रॅम घेऊ नका, तो सेट २६६६ च्या वर जातच नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरमुळे भयंकर चढले, त्यामुळे चांगली सेकंडहँड डीडीआर४ मिळत असेल तर जरूर बघा, चालू रॅम सहसा बिघडत नाही.

एसएसडीबद्दल थोडक्यात. हार्ड डिस्क साधारण १००-१५० एमबी प्रति सेकंद, साटा एसएसडी ५५० पर्यंत, जेन ३ एनव्हीएमई (मदरबोर्डच्या एम.२ स्लॉटमधे बसणारी एसएसडी) ३५०० पर्यंत. पहिली उडी आयुष्य बदलते, दुसरी गेममधे फारशी जाणवत नाही, त्यामुळे साटा एसएसडी आधीच असेल तर पैसे दुसरीकडे लावा. सायबरपंकने २०२३ च्या २.० अपडेटपासून हार्ड डिस्कचा सपोर्टच काढला. एम.२ ची घेताना मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा, काही बोर्डवर तो स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात.

आता कार्ड. १०८०पी साठी ८ जीबी व्हीरॅम हा आज किमान आकडा समजा, आणि चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १२ किंवा १६ जीबीवालं परवडतं का बघा. दुकानात कोणी न सांगणारी गोष्ट म्हणजे लेन, कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डं आठ लेनवर चालतात, आणि बी४५० किंवा एच४१० बोर्ड पीसीआयई ३.० चे, म्हणजे त्या वाटांच्या जुन्या, हळू पिढीचे आहेत. नुकसान होतं, पण व्हीरॅम पुरत असेपर्यंत थोडंच, ही कार्डं घ्यायला हरकत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र जुन्या बोर्डवर अजिबात घेऊ नका, चारच लेन आणि ४ जीबी, व्हीरॅम भरली की पार ढेपाळतं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेल १६ लेनचं आहे, म्हणून जुन्या बोर्डवाल्यांसाठी सेकंडहँडमधे ते मला अजूनही आवडतं. ऑफिसमधून आलेला डेल किंवा एचपीचा छोटा पीसी असेल, ज्यात पॉवरची वेगळी वायरच नाही, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॉटमधे स्लॉटवरच चालतं, फक्त कॅबिनेटमधे मावतं का ते पट्टी घेऊन मोजा.

कार्डच्या आधी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बघा, हे मी ओरडून सांगेन. कॅबिनेटसोबत आलेला नाव नसलेला '४५० वॉट' हा नावालाच ४५० असतो. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट, ५०६० ला १४५, ३०६० ला १७०, रायझन ३६०० लोडवर ८८ पर्यंत जातो, म्हणजे बेरीज फार मोठी नाहीये, चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ पुरतो. पण तो खराब असेल तर जाताना मदरबोर्ड, कार्ड सगळं घेऊन जातो. मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरचा) कन्व्हर्टर लावून आठ पिन बनवून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. युपीएसचंही गणित करा, ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॉटच देतो, नवीन कार्ड, मॉनिटर, राउटर सगळं त्यावर टाकलं आणि नेमकी गेम चालू असताना लाइट गेली तर तो टूं करून बंद पडेल. १००० व्हीए घ्या. घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पहिला खर्च तोच.

प्रोसेसर बदलायचा निघाला तर बी४५० वाले नशीबवान आहेत. बायॉस अपडेट केलं की त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो, आणि मिळाला तर ५७००एक्स३डी, ज्याच्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे, ५६०० मधे ३२. मेमरीच्या वेगावर अवलंबून असणाऱ्या गेममधे, सिम्युलेशन, स्ट्रॅटेजी, ई-स्पोर्ट्स, तो फरक चांगला दिसतो. बायॉस मात्र जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करायचं, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून पीसी युपीएसवर ठेवा आणि लाइट जायचा दिवस टाळा, पुण्यात बऱ्याच भागात महावितरणचा गुरुवार दुरुस्तीचा असतो तसा तुमच्याकडे जो असेल तो. एच४१० वाल्यांना मर्यादा आहे, ११ वी पिढी त्यावर सहसा चालत नाही, त्यामुळे सेकंडहँड आय५ १०४००एफ हा शहाणा पर्याय, चारचे सहा कोर होतात. त्याहून नवी पिढी हवी असेल तर बोर्ड बदलावा लागेल, तेव्हा आय५ १२४००एफ आणि एच६१० चा डीडीआर४ वाला बोर्ड बघा, जुनी रॅम तशीच लागते आणि सध्याच्या भावात ती वाचलेली रॅम म्हणजे मोठी बचत आहे. एच६१० चे डीडीआर५ बोर्डही येतात, बॉक्स वाचून घ्या. पीसी विंडोज १० वर असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. इंटेल ८ वी पिढी किंवा रायझन २००० आणि त्यांच्या पुढचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ घेतात, फक्त बायॉसमधे टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू करा, व्हॅलोरंटलाही विंडोज ११ वर ते लागतं.

मॉनिटर लोक शेवटी ठेवतात, माझं मत वेगळं आहे. तुमचा पीसी व्हॅलोरंटमधे १५० एफपीएस देतोय आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तुम्ही कमावलेलं तुम्हाला दिसतच नाहीये, अशा वेळी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा २४ इंची आयपीएस हेच पहिलं अपग्रेड. १४४०पी वर जायचा मोह होतो, पण त्यात १०८०पी पेक्षा जवळपास ७८ टक्के जास्त पिक्सेल आहेत आणि तो सगळा भार कार्डवर येतो, म्हणून कार्ड आणि मॉनिटरचा विचार एकत्रच करा, सुटा नको.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की ऑनलाइन घ्या, जीएसटी बिल घ्याच, घासाघीस करून बिलाशिवाय चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही कारण तीन वर्षांची वॉरंटी हीच त्या वस्तूची अर्धी किंमत आहे. सेकंडहँड कार्ड घेताना समोर चालवून बघा, वीस-तीस मिनिटं जड गेम लावा, टेंपरेचर आणि पंख्याचा आवाज बघा, जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारा फुकट प्रोग्रॅम) उघडून मॉडेल आणि मेमरी खरी आहे का तपासा कारण स्टिकर बदललेली खोटी कार्डं फिरतात. वॉरंटी सीरियल नंबरवर आहे की बिलावर ते ब्रँडच्या कस्टमर केअरला विचारा. क्रिप्टो माइनिंगला वापरलं म्हणून कार्ड लगेच नाकारू नका, पण पंखे आणि थर्मल पॅड बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि नवीन वस्तू घरी आली की डबा, थर्माकोल, बिल सगळं जपून ठेवून पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलेल्या त्याच जड जागी दोन-तीन तास सलग खेळा, कारण दुकानाची बदलून द्यायची मुदत थोडे दिवसच असते आणि ती गेली की सर्व्हिस सेंटरच्या रांगेत जावं लागतं.