परदेशी निघताय? बॅगेत आधी मग ठेवा

परदेशी जाताना बॅगेत काय भरायचं असं विचारलं की बहुतेक जण पासपोर्टापासून सुरुवात करतात. पासपोर्ट कुणी विसरत नाही हो; घरातून निघताना तो चारदा चाचपला जातो. विसरतात त्या दहा-वीस रुपयांच्या वस्तू, आणि नेमक्या त्याच रविवारी संध्याकाळी हव्या असतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. लेक तिकडे असल्यामुळे आमच्या युरोपच्या चार-पाच वाऱ्या झाल्या, मध्ये एकदा सिंगापूर झालं. दर वेळी यादीतून काहीतरी गळलं, काहीतरी वाढलं. मी ज्या क्रमानं बॅग भरते, त्याच क्रमानं ती यादी इथे देते.

पहिलं काम: मग

लाजू नका, सगळ्यांचा प्रश्न आहे. युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी संडासात फक्त कागद असतो. आखाती देशांत आणि थायलंडमध्ये जेट असतो, जपानमध्ये तर कमोडलाच बटणं. इटलीत १९७५ पासून घराच्या बाथरूममध्ये बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं वेगळं बसकं भांडं, असणं कायद्यानंच सक्तीचं आहे. बाकी ठिकाणी आपली सोय आपण करायची. घडीचा सिलिकॉनचा मग मिळतो, तो चपटा होऊन कपड्यांच्या घडीत बसतो. बाहेर फिरताना पर्समध्ये मात्र अर्ध्या लिटरची मऊ प्लास्टिकची बाटली बरी. तिचं एक जास्तीचं झाकण घ्या, सुई गॅसवर तापवून त्याला पाच-सहा भोकं पाडा आणि ते वेगळ्या पिशवीत ठेवा. वेळ आली की झाकण बदलायचं. झालं जेट तयार.

तिकडच्या बऱ्याच बाथरूममध्ये टबाबाहेरच्या जमिनीला मोरी नसते, हे मात्र आधीच डोक्यात बसवा. पहिल्या खेपेला आमच्या ह्यांनी घरच्यासारखी टबाबाहेर बादलीभर पाण्यानं अंघोळ उरकली. पाणी दाराखालून निघालं ते थेट खोलीतल्या गालिच्यात. अर्धी रात्र आम्ही दोघं टॉवेलांनी गालिचा टिपत होतो. तेव्हापासून एक जुना पंचा बॅगेत असतोच. जमीन पुसायला होतो, आणि पिळून टाकला की सकाळपर्यंत वाळतो, हॉटेलचा जाड टॉवेल तसा वाळत नाही.

मगाबरोबरच रबरी चप्पल आणि टूथब्रश. युरोपातल्या साध्या हॉटेलांत हे दोन्ही मिळेलच असं धरून चालू नका.

दुसरं काम: प्लग आणि व्होल्ट

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकच समजतात.

आधी पिना बघा. आपल्या मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना युरोपात बहुतेक सगळीकडे सरळ बसतात. लॅपटॉपचा तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही, त्याला ॲडॅप्टर हवा. इंग्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग, दुबई इथे तीन चौकोनी पिना. अमेरिका आणि जपानमध्ये दोन चपट्या, ऑस्ट्रेलियात तिरप्या. इंग्लंडच्या सॉकेटमध्ये पेनाचं टोपण खुपसून दोन पिनांचा चार्जर बसवणारे बहाद्दर मी पाहिलेत. तसं करू नका, त्या सॉकेटला आतून पडदा दिलाय तो उगाच नाही.

सगळीकडे चालणारा म्हणून विकतात तो ठोकळ्यासारखा ॲडॅप्टर स्वित्झर्लंडमध्ये दगा देऊ शकतो. तिथलं सॉकेट भिंतीत खोल, षट्कोनी खळग्यात असतं आणि जाडजूड ॲडॅप्टरचं अंग त्यात शिरतच नाही. आमचा शिरला नाही. मोबाइलचे चार्जर बसले म्हणून निभावलं.

माझी युक्ती अशी: घरचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड घ्यायचा आणि त्या देशाचा एकच चांगला ॲडॅप्टर. ॲडॅप्टर भिंतीत, त्यावर बोर्ड, बोर्डावर घरातल्या सगळ्यांचे मोबाइल. त्यावर फक्त चार्जर लावायचे. किटली, इस्त्री अजिबात नाही.

आता व्होल्ट. युरोपात आपल्यासारखेच २३०. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. चार्जरवरचं बारीक छापील वाचा: ‘१००–२४०’ असं असेल तर तो कुठेही चालतो. ज्यावर नुसतं ‘२३०’ आहे ती वस्तू अमेरिकेत नेऊन उपयोग नाही. मुलाच्या संसारासाठी मिक्सर घेऊन जाणाऱ्या आया दरवर्षी विमानतळावर दिसतात. तो तिकडे धड फिरत नाही. ॲडॅप्टरनं पिना बदलतात, व्होल्ट नाही.

पॉवर बँक नेहमी केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. परवानगी न मागता १०० वॉट-अवरपर्यंतची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) नेता येते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे बसते. पण तिच्यावरचे आकडे घासून गेले असतील तर तपासणीत अडवू शकतात, तेव्हा अक्षरं शाबूत असलेलीच न्या. आणि विमानात ती वापरता येईल असं समजू नका. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला मनाई केली आहे. मोबाइल घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

तिसरं काम: औषधांचा डबा

रोजच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांइतक्या, वर आठवड्याच्या जादा. सगळ्या केबिन बॅगेत. चेक-इनची बॅग दोन दिवस उशिरा आली तर बीपीची गोळी थांबणार नाही. इन्सुलिनही हातातच, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. गोळ्या पाकिटातून काढून डबीत ओतू नका, आणि जागा वाचवायला पत्ती कापताना नाव कापलं जात नाही ना ते पाहा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर, औषधाचं मूळ नाव घालून चिठ्ठी घ्या. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या केमिस्टला काही सांगत नाही.

खोकल्याच्या औषधात कोडीन (अफूच्या जातीचं द्रव्य) आहे का ते बघा. दुबई, सिंगापूर, जपान या बाबतीत फार कडक आहेत. ट्रामाडॉल असलेली दुखण्यावरची गोळी दुबईला नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी लागते. आपण ज्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून सहज आणतो, त्यांतली अँटिबायोटिक्स युरोपात चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून निघण्याआधीच फॅमिली डॉक्टरांशी बोलून घ्या.

बाकी डब्यात ओआरएसची पाकिटं, बाम, बँडएड, ओव्याची पुडी. चष्म्याची जुनी जोडी आणि नंबरचा कागद.

चौथं काम: खाऊ, आणि इथे जरा थांबा

गडबड होते ती इथेच, कारण प्रेम जास्त आणि माहिती कमी.

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप सगळं घरी. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही आणि भारतातून तांदूळही नाही. तांदळाचं कारण खाप्रा नावाचा धान्यातला किडा. जे काही न्याल ते तिकडच्या फॉर्मवर लिहून टाका. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेलं एक फळ बॅगेत निघालं तरी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. सिंगापूरला च्युइंग गम नको.

दुबई, सौदी आणि सिंगापूरला खसखस नेऊ नका. आपल्याला ती साधी वाण्याकडची वस्तू, पण अफूच्या बोंडातलं बी असल्यामुळे तिकडे ती अमली पदार्थांच्या यादीत जाते. आता आठवा: अनारशाच्या अंगाला काय चिकटलेलं असतं? करंजीच्या सारणात काय असतं? काही घरांत गोड्या मसाल्यातही खसखस पडते. दिवाळीचा फराळ दुबईला न्यायचा असेल तर चकली, शेव, शंकरपाळे न्या, अनारसे इथेच खा.

सुक्या खोबऱ्याची वाटी विमान कंपन्या घेत नाहीत. तेलकट खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोक्याच्या मालात मोडतं. लोणचं चेक-इनमध्ये. बरणीचं झाकण चिकटपट्टीनं बांधायचं, मग एकात एक तीन पिशव्या. तरी ती कपड्यांपासून लांब ठेवा.

हॉटेलवर खायला मी उपम्याचं कोरडं मिश्रण करून नेते. दोन वाट्या रवा मंद गॅसवर चांगला भाजायचा. मग तेलात मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीऐवजी सुकी मिरची आणि थोडी उडदाची डाळ अशी फोडणी त्यावर घालायची. कढीपत्ता नाही. मीठ, चिमूटभर साखर, लिंबूसत्त्व. पूर्ण गार झाल्यावर वाटी-वाटीच्या पुरचुंड्या. खाताना एका वाटीला दोन वाट्या उकळतं पाणी आणि सात-आठ मिनिटं झाकण. झाकणवाला स्टीलचा डबा आणि एक चमचा लागतो, ते विसरू नका. हॉटेलच्या किटलीत मात्र थेट काही शिजवू नका. पुढच्या माणसाच्या चहाला फोडणीचा वास येतो. युरोपात खोलीत किटली असतेच असं नाही, म्हणून आम्ही आपली छोटी नेतो.

पाचवं काम: पैसे आणि कागद

नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळातच बंद असतात. १६ मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये ते स्वतः चालू करा. ओटीपी आपल्या भारतीय नंबरवर येतो, तेव्हा तिकडचं सिम घेतलं तरी आपलं काढून ठेवू नका, त्यावर रोमिंग चालू हवं. दुकानातल्या मशीननं ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो म्हणा. रुपयांत दर वाईट लावतात.

सुट्टी नाणी जपा. युरोपात बऱ्याच सार्वजनिक संडासांना पन्नास सेंट ते एक युरो पडतो आणि अनेक सुपरमार्केटांत ट्रॉलीदेखील नाणं घातल्यावरच सुटते. पिशवीचे पैसे वेगळे, म्हणून घडीची कापडी पिशवी पर्समध्ये.

पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या दोन-दोन झेरॉक्स, एक दुसऱ्याच्या बॅगेत. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच; त्याचा फोन नंबर कागदावर लिहा, कारण मोबाइल हरवला तर तो मोबाइलमध्येच राहतो. मुक्कामाचा पत्ताही कागदावर.

सटरफटर, पण हवंच

सेफ्टी पिना, सुई-दोरा, रबर बँड, चार झिप पिशव्या, नायलॉनची दोरी आणि चिमटे. कात्री आणि नेलकटर चेक-इनमध्ये टाकून मोकळे व्हा. रिकामी पाण्याची बाटली केबिन बॅगेत. तपासणी झाली की भरायची. रोममध्ये आणि स्विस गावांत रस्त्यावरचे पाण्याचे नळ बारा महिने वाहतात, ‘पिण्याचं नाही’ अशी पाटी नसेल तर खुशाल प्या. शाम्पू, तेल, पेस्ट केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटलीतच, अर्धी भरलेली २०० ची बाटलीसुद्धा काढून घेतात.

बूट नवे घेऊ नका. घेतलेच तर पंधरा दिवस आधी घ्या आणि पर्वतीवर चार खेपा करून या.

शेवटची रात्र

नवऱ्याचे दोन जोड बायकोच्या बॅगेत, बायकोचे नवऱ्याच्या. एक बॅग राहिली तरी दोघांची लाज राखली जाते. बॅगेचा फोटो काढा. बॅग मोजायचा वेगळा काटा नसेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. २३ किलोची मर्यादा असेल तर २२ वर थांबा, दोन काट्यांचं कधी जुळत नाही.

आमच्याकडे शेवटचा एक किलो नेहमी लेकीच्या भाजणीचा असतो. घरगुती पीठ नेताना पिशवीवर इंग्रजीत ठळक लिहा: काय आहे, कशाकशाचं आहे. एकदा मी लिहिलं नव्हतं. तपासणीवाल्यानं ती खाकी पूड उघडली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिथे रांगेत उभी राहून तळहातावर थालीपीठ थापून, मधे बोटानं भोक पाडून दाखवलं.